सरासरी सात तास वीस मिनिटे

१२ जानेवारी, रविवार

आज मी धारखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई या संस्थेचा चिटणीस झालो. निवड बिनविरोध झाली. म्हणजे ते पद कुणालाच नको होतं आणि मी नेमका पाणी प्यायला उठलो होतो.

घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात सभा होती. बाकं पाचवीच्या पोरांची, बसणारे साठीचे. अध्यक्ष रामचंद्र परब, म्हणजे अण्णा, म्हणाले, "राजेश मोठ्या कंपनीत होता, त्याला व्यवस्थापन कळतं." 'होता' ऐकून मला जरा लागलं. अंधेरीच्या त्या कंपनीत चौदा वर्षं मी ग्राहक समाधान विभाग सांभाळला. डिसेंबरात स्वेच्छेने बाहेर पडलो. त्यांनी दोन पर्याय दिले आणि त्यातला एक मी स्वेच्छेने निवडला. ज्या तक्त्यावरून कुणाला काढायचं ते ठरलं, तो तक्ता मीच बनवलेला होता. तक्ता चोख होता, हे मान्य करायला हवं.

मंडळ तीन कामं करतं. वर्षातून एकदा सत्यनारायण, जूनमध्ये वह्यावाटप आणि मयत. बोरिवलीपासून मानखुर्दपर्यंत आमच्या गावचं कुणीही गेलं, की सहदेवकाका राण्यांना फोन जातो आणि ते येऊन सगळं पार पाडतात. बाबा गिरणीत होते तेव्हापासून हे चालू आहे. मी उभा राहून विचारलं, "पण आपल्या कामाचा मोजता येईल असा निकाल काय?"

मग अण्णा म्हणाले, "मयतीचो कसलो निकाल? गेलो तो गेलो."

इथेच सुधारणेला वाव आहे.

१८ जानेवारी

सहदेवकाकांकडून त्यांची वही आणली. दर मयतीची नोंद आहे: फोन किती वाजता आला, घरून किती वाजता उचललं. गेल्या वर्षी एकोणीस मयती. दोन दिवस बसून हिशेब केला. फोनपासून उचलेपर्यंत सरासरी सात तास वीस मिनिटे. कमाल तेरा तास.

सात तास! एवढ्या वेळात माणूस गावी पोचतो.

कारणंही त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिली आहेत. 'मडके विसरले.' 'सुतळी कमी पडली.' 'दाखल्यावर नाव चुकले, परत पाठविले.' चाळीस वर्षं एकच काम करणारा माणूस दर वेळी काहीतरी विसरतो! गंमत म्हणजे दोन मयती त्यांनी दोन तासांच्या आत उरकल्या आहेत. दोन्ही एकट्या माणसांच्या, पुढेमागे कुणी नसलेल्या. म्हणजे मनात आणलं तर जमतं. कामात सातत्य नाही, हाच खरा दोष.

बाबांना आकडे वाचून दाखवले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण ऐकायला अजून तल्लख. म्हणाले, "सहदेव काय करता, ता तुका दिसाचा नाय." मी म्हटलं, दिसत नाही तेच तर दिसायला हवं.

२६ जानेवारी

घाटकोपरला मयत होती. निरीक्षणासाठी गेलो. घड्याळ लावून प्रत्येक गोष्ट टिपली.

काका आठ वाजता आले. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न: "कोण येवचो आसा?" थोरला मुलगा नागपूरहून विमानाने निघतोय, असं कळलं. त्यावर काका जे बसले ते बसलेच. एकाला तुळशीला पाठवलं. त्याने आणलेली तुळस बघून दुसऱ्याला दुसऱ्या तुळशीला पाठवलं. मग चष्मा सापडेना. मग डॉक्टरचा दाखला सापडेना. घरचे रडायचे थांबून दाखला शोधू लागले. धाकटा मुलगा आणि त्याचे मामा यांचं कशावरून तरी वाजायला लागलं, तर काकांनी दोघांनाही एकाच रिक्षात घालून पांढरं कापड आणायला धाडलं.

चार वाजता नागपूरचा मुलगा आला. बापाच्या तोंडात पाणी घातलं, पायावर डोकं ठेवलं. चार वाजून दहा मिनिटांनी दाखला सापडला. काकांच्याच खिशात! सकाळपासून तिथेच!

खाली उतरताना मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, "काका, आपला फार वेळ वाया जातो."

"जाणारो गेलो रे झिला," ते म्हणाले. "तेका आता खंयची गाडी पकडूची आसा?"



२ फेब्रुवारी, रविवार

कार्यकारिणीत माझी योजना मंजूर झाली. एक, मयत संच: मडकं, बांबू, सुतळी, कापड, तुळस, गुलाल सगळं बांधून बोरिवली, मुलुंड आणि मानखुर्दला तयार. दोन, फोन माझ्याकडे. तीन, फोनपासून तीन तासांत उचलणं हे लक्ष्य. चार, बाराव्या दिवशी कुटुंबाकडून अभिप्राय. पाच, खर्चाचा हिशेब त्याच दिवशी. सहावा नियम मी विचारपूर्वक घातला: नातेवाईक प्रवासात असल्यास तयारी झाल्यावर जास्तीत जास्त पंचेचाळीस मिनिटे थांबावे. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच.

सहदेवकाकांना 'मार्गदर्शक' केलं. म्हणजे काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मान आहे तो. ते म्हणाले, बरं.

अभिप्रायाचा अर्ज कंपनीतल्या नमुन्यावरून केला. बायकोने, श्वेताने, तो वाचला आणि ती ओट्याला टेकून हसत सुटली. "अरे, हे काय? 'पुन्हा आमची सेवा घ्याल का?' कोण घेणार पुन्हा?" मी म्हटलं, कुटुंब घेईल. ती म्हणाली, "राजेश, तुला लवकर नोकरी लागू दे रे बाबा." तो प्रश्न काढला. तिच्यासाठी काढला, पटलं म्हणून नव्हे.

११ फेब्रुवारी

संचासह पहिली मयत, मानखुर्द. दोन तास पस्तीस मिनिटे. सात वीसवरून दोन पस्तीस! कंपनीत असतो तर टाळ्या पडल्या असत्या. इथे टाळ्या वाजवण्यासारखा प्रसंग नव्हता, पण अण्णांनी स्मशानात माझा हात दाबला.

सहदेवकाका आले होते. काही विसरायला उरलंच नव्हतं. कोपऱ्यात उभे होते बिचारे.

१९ फेब्रुवारी

मुलुंड. तावड्यांची म्हातारी गेली. मुलगी श्रुतिका पुण्यातल्या इस्पितळात परिचारिका आहे, ती निघाली होती. सगळी तयारी झाली, पंचेचाळीस मिनिटे थांबलो. फोनवर ती म्हणाली, "दादा, ऐरोलीला आलेय, वीस मिनिटं द्या." आवाज फुटत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आज वीस दिली तर उद्या कुणी चाळीस मागेल. मी म्हटलं, "नियम सर्वांना सारखा."

दोन तास अठ्ठावीस मिनिटे. आतापर्यंतचा उच्चांक.

ती थेट स्मशानात आली. तोवर अग्नी दिला होता. सहदेवकाका तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. तिथे कुणाला तरी उभं राहायला हवं होतं हे खरं, पण तो माझ्या कामाचा भाग नव्हता. तरी आज जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असेल.

३ मार्च

श्रुतिकाचा अर्ज आला. बाकीचे रकाने कोरे. फक्त 'वेळेत' या रकान्यात पाच पैकी पाच आणि खाली शेरा: 'फार वेळेत.'

श्वेताने तो अर्ज दोनदा वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तो प्रशंसेच्या फाइलीत लावला.

एकूण अभिप्राय ४.७. तक्रारी शून्य. तक्रारीसाठी वेगळा नंबर दिला होता, त्यावर एकही फोन नाही. तसे इतरही फोन कमी झालेत. या पंधरवड्यात दोन घरांनी मंडळाला कळवलंच नाही, आपापलं उरकलं. त्यातल्या एका ठिकाणी सहदेवकाका दिसले म्हणे. लोक स्वावलंबी होताहेत, हेही एका अर्थी यशच.

८ मार्च

बाबांचं खाणं सुटलंय. डॉक्टर म्हणाले, वय झालं, घरीच राहू द्या. ताईला फोन केला. ती चिपळूणला असते, तिच्याकडे सासूचं आजारपण, तरी येऊन दोन दिवस राहून गेली. बाबांचा जीव तिच्यात. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मला तिनेच वाढवलं आणि बाबांनाही.

ती गेल्यावर संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "राजा, माका उचलूच्या आधी रुक्मी येवक होई. तिच्या हातचा पाणी होया माका."

रुक्मी म्हणजे ताई. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शंभरी गाठणार."

"ता सोड. तुझ्या नियमात बसता काय, ता सांग."

मी उशी नीट केली आणि बसेल म्हटलं. चिपळूण ते बोरिवली सहा तास. तीन तासांचं लक्ष्य, वर पंचेचाळीस मिनिटे. कसं बसवायचं ते मला कळत नाहीये. पण खोटं बोललो असंही नाही, कारण वेळ आलेली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

काल बाबा गेले.

सकाळी सहा वीसला. मी आणि श्वेता दोघं जवळ होतो. ताईला कळवलं, ती साडेसहाला गाडी करून निघाली. मग बाल्कनीत जाऊन मी मंडळाच्या नंबरवर फोन केला. हातातलाच मोबाईल 'बिझी आहे' म्हणाला. तो नंबर माझाच होता. सहा पन्नासला अण्णांना लावला.

कसं सगळं झालं ते लिहून ठेवतो. लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही.

सात चाळीसला संच आला. नऊ दहाला तयारी पूर्ण. कुणी काही विसरलं नव्हतं. सुतळीसुद्धा मापात कापलेली. मी केलेली व्यवस्था इतकी सुंदर चालली होती, की मला तिचा राग यायला लागला. सहदेवकाका आले तेव्हा त्यांनी संच पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. काही कमी आहे का म्हणून बघत असावेत. काहीच कमी नव्हतं. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "रुक्मी खंयसर इली?" मी म्हटलं, अजून महाडच्या पुढे नाही. ते "बरं" म्हणाले आणि आत गेले.

नऊ पंचावन्नला पंचेचाळीस मिनिटे संपली. खाली शववाहिकेवाला हॉर्न देऊ लागला. अर्धा दिवस रजा टाकून आलेले लोक घड्याळं बघायला लागले. ऊन चढत होतं. सव्वादहाला अण्णा म्हणाले, "राजेश, तू सांग. तुझा बाप, तुझा नियम."

मला थांबायचं होतं. देवाशपथ थांबायचं होतं. पण समोर जिन्याजवळ श्रुतिका उभी होती. पुण्याहून आली होती, माझ्या बापासाठी. मी तिला वीस मिनिटं दिली नव्हती. आता स्वतःसाठी अडीच तास कुठल्या तोंडाने मागू? माझ्याच तोंडून आलं, "नियम सर्वांना सारखा."

श्वेताने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

साडेदहाला बाबांना उचलायला चौघं वाकले, आणि सहदेवकाका दारात गेले, भिंतीला धरलं, म्हणाले, "माका चक्कर येता. जरा पडतंय हंयच." आणि नेमके उंबऱ्यात आडवे झाले. डोकं आमच्या घरात, पाय जिन्याकडे. आमच्या घराचं दार अडीच फुटी. त्यांना ओलांडल्याशिवाय माणूस बाहेर जाईना, तिरडी कशी जाणार?

धावपळ उडाली. श्रुतिका पुढे आली. शेजाऱ्यांकडून रक्तदाबाचं यंत्र आणलं, तिने पट्टा बांधला, आकडा बघितला आणि सगळ्यांना मागे सारलं. "यांना अजिबात हलवायचं नाही. निदान दोन तास. काही झालं तर मी जबाबदारी घेणार नाही." आकडा मलाही दिसला: १२६ आणि ८०. मला त्यातलं काही कळत नाही.

शववाहिकेवाला ओरडला, अण्णा ओरडले. काका डोळे मिटून पडून. मध्येच हातात मोबाईल दिसायचा, डॉक्टरला लावत असतील असं वाटलं. कुणीतरी म्हणालं, हळूच बाजूला सरकवू या. श्रुतिका म्हणाली, "सरकवा. पण आधी लिहून द्या." कोण लिहून देणार? एक मयत घरात असताना दुसरी कुणाला हवीय? एकेक जण जिन्यावर बसला. बाबांच्या शेजारी मी बसलो. सकाळपासून पहिल्यांदाच बसलो. त्यांचा हात हातात घेतला. गिरणीत करंगळीचं एक पेर गेलेलं, उरलेली मी लहानपणी मोजायचो, ते आठवलं, आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना.

बारा पस्तीसला ताईची गाडी फाटकातून आत आली. बारा छत्तीसला सहदेवकाका उठून बसले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता बरा वाटता."

ताई आत आली. ओरडली नाही. बाबांच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं, पदराने हनुवटी पुसली, बाळाची पुसतात तशी. मग म्हणाली, "बाबांनू, मी इलंय." आम्ही एक वाजून वीस मिनिटांनी उचललं.

सहा तास तीस मिनिटे. योजना आल्यापासूनचा सर्वांत वाईट आकडा, आणि माझ्याच घरचा.

काकांची तब्येत विचारायला हवी. या वयात उपाशीपोटी यायला नको होतं.

२९ मार्च

दहावं झालं. दुपारी ताई आणि मी पोळ्यांच्या डब्याशी बसलो होतो. मी म्हटलं, नशीब बघ, काकांना चक्कर आली म्हणून तुला बाबा दिसले.

ताई म्हणाली, "राजा, तू एवढा शिकलास रे."

मग तिने सांगितलं. काकांचे तिला सहा फोन आले होते. महाडला, माणगावला, पेणला. "खंय पोचलंस?" एवढंच विचारायचे. शेवटचा पनवेलला: "तू ड्रायव्हराक पळव म्हणा नको. सावकाश ये. मी दारात आडवो पडलंय."

मी डबा तसाच ठेवून आत गेलो आणि वही काढली. गेल्या वर्षीच्या एकोणीस मयती. जवळपास प्रत्येक नोंदीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी आहे, ते मी निरुपयोगी माहिती म्हणून सोडून दिलं होतं. 'मुलगी, बडोदा.' 'भाऊ, गोवा, बोलणे नव्हते.' 'नातू, परीक्षा, तीन वाजता सुटला.' तेरा तासांच्या नोंदीसमोर 'मुलगा, दुबई.' दोन तासांच्या दोन नोंदींसमोर कोपरा कोरा.

माणूस चाळीस वर्षं एकही गोष्ट विसरला नव्हता. मी उंटावरचा शहाणा.

श्रुतिकाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, "बोल दादा." मी म्हटलं, "वीस मिनिटं." पुढे बोलवेना. मग म्हणाली, "काकांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलंय, काळजी करू नकोस." माफ केलं असं काही म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं असंही नाही.

१३ एप्रिल, रविवार

वार्षिक सभा, पुन्हा पाचवीचा वर्ग. अण्णांनी मला अहवाल वाचायला सांगितला. हलक्या आवाजात सुचवलं, "काशीरामाची, तुझ्या बापाची मयत धरू नकोस. अपवाद होता तो. ती सोडली तर योजनेची सरासरी दोन बत्तीस येते, धरली तर तीन सहा. लक्ष्य हुकतं."

कंपनीत मी असे अपवाद किती काढले असतील, त्याची मोजदाद नाही.

मी उभा राहून तीन सहा वाचलं. मग म्हटलं, योजना आल्यापासून हे एकच काम मंडळाने नीट केलं आणि त्यात माझा हात नव्हता. संच राहू द्या, बांबू शोधत फिरण्यात शहाणपण नाही. पण तीन तासांचं लक्ष्य आणि सहावा नियम रद्द करावा. फोन पुन्हा सहदेवकाकांकडे जावा. हात वर झाले. मागच्या बाकावरून कुणीतरी "सुटलो रे बाबा" म्हणालं, त्यावर लोक हसले. मीही हसलो, आणि ते आपल्यावरच हसताहेत हे कळून हसलो.

सभा संपल्यावर काका चपला शोधत होते. खरोखरच सापडत नव्हत्या. मी शोधून दिल्या आणि म्हटलं, "काका, तुमच्यामागे हे कोण करणार? मला शिकवा. तुम्ही जाल तिथे मी येतो, मागे उभा राहतो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुका खोटा बोलूक येता?"

"चौदा वर्षं कंपनीचे अहवाल लिहिलेत, काका."

"मगे जमतला तुका," ते म्हणाले, आणि चपला पायात घालून मानखुर्दला आपल्या घरच्या वाटेला लागले.